छत्तीस तारा

भायखळ्याच्या पुलाखाली
कादरमिस्त्री म्हणाला,
आधी ओझं आणा बाई, मग सायकल बघू.

दुसऱ्या दिवशी नेलं.
तंबू, स्टोव्ह, तांदूळ, जाड सतरंजी.
शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर
सव्वीस किलो.
"आणि तुम्ही?"
मी आकडा सांगितला, पाच किलो गिळून.
तो हसला नाही. पाच मिळवून
भिंतीवर खडूने बेरीज मांडली.

मला दारातली निळी आवडली होती,
एका बोटावर उचलली जाणारी.
त्याने पान्याने तिच्या नळीवर टिचकी मारली.
"ही राजापूरच्या पुढे तडकली तर
कोण जोडेल? पोलाद असलं
की खिडक्यांच्या जाळ्या करणारासुद्धा चालतो."

मग मागच्या अंधारातून ओढून काढली
कुणा पाववाल्याची फ्रेम.
कॅरिअरच्या सांध्यात
वीस वर्षांच्या पहाटे, काळ्या पडलेल्या.

चाक नवं बांधलं. मागे छत्तीस तारा.
एकेक छेडत गेला, मान तिरकी करून,
वरून ट्रक जाताना थांबत.

एक बेसूर निघाली.
"हीच तुम्हाला वेंगुर्ल्यापर्यंत छळेल,"
म्हणत तो पुन्हा उकिडवा बसला.

तोवर मी पिशवीतून सतरंजी काढली,
पाहिली,
परत कोंबली.