कुठं थांबलात

परळीच्या अलीकडं आमची शाळा.
वारं फिरलं की थर्मलची राख
न विचारता खिडकीतून आत येते,
फळ्यावर बसते, खिचडीच्या ताटात बसते,
पुस्तकांच्या कपाटात तर तिचा कायमचा मुक्काम.

आठवीच्या वाचन-वह्या तपासत होते.
एकोणतीस वह्या, वाक्य एकच:
‘आज मी दहा पाने वाचली. पुस्तक आवडले.’
सोमवारी दहा, मंगळवारी दहा,
नागपंचमीला शाळा बंद, तरी दहा.
खाली माझीच सही, लाल, लफ्फेदार.

उठून कपाट उघडलं.
राखेवर एका बोटाचाही ठसा नव्हता.

चांगलं झापायचं ठरवून वर्गात गेले.
पण झापणार कुणाला? सही कुणाची होती?
म्हणाले, उद्यापासून किती वाचलं ते लिहू नका.
कुठं थांबलात ते लिहा.
आणि कामून थांबलात, तेही.
‘खरं लिहायचं का मॅडम?’
वैजनाथनं मागच्या बाकावरून विचारलं,
जसं काही खऱ्यासाठी निराळी वही लागते.

आठवडाभर वह्या कोऱ्याच आल्या.
मग दैवशालाची आली:
‘पान सहा. क्षितिज आलं.
मला वाटलं पोराचं नाव आहे.
चार ओळी झाल्या तरी ते काहीच बोलंना,
म्हणून मिटलं.’

नाजेमाची: ‘पान एकोणीस. लाइट गेली.
थर्मलचे दिवे दिसत होते समोर,
पण ते लांबूनचे, वाचण्यापुरते नाहीत.’

वैजनाथची: ‘पान दोन. मोबाईल वाजला.
माझा नव्हता, माझ्याकडं नाहीच.
तरी उठून बघितलं.’

आणि विश्वांभरची, पेन्सिलीनं, फिकट:
‘मी ओठ हलवून वाचतो. पोरं हसतात.’

त्या दुपारी कुणाचंही नाव न घेता
मी सगळ्यांना ओठ हलवूनच वाचायला लावलं.
एकोणतीस तोंडांची कुजबुज,
वर्गात आग्यामोहोळ उठल्यासारखी.
शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले.
विश्वांभर कुणाकडंच बघत नव्हता,
वाचत होता.

उपाय माझ्याकडं नव्हते, खरं सांगते.
दैवशाला आता अडलेल्या शब्दापाशी
काडेपेटीतली एक काडी ठेवते आणि पुढं जाते;
तिच्या पुस्तकातून काड्या सांडतात,
काही शब्द परतीच्या वाटेवर आपोआप कळतात म्हणे.
नाजेमा चारलाच उंबऱ्यावर बसते,
उजेड सरकेल तशी सरकत.
वैजनाथ? तो अजून पान दोनवरच आहे.
पण काल वही घेऊन धावत आला:
‘मॅडम, बैल वर तांबडा आहे
अन् खाली तोच बैल पांढरा. छापणारानं वाचलंच नाही!’
मी बघितलं. खरंच पांढरा होता.
हे पुस्तक मी तीनदा वाटलं होतं.

मग ते आलंच, जे यायला हवं होतं.
‘मॅडम, तुमची वही?’

घरी जाऊन ट्रंक उघडली.
पान एक्केचाळीस.
खुणेला एसटीचं तिकीट, सात रुपयांचं,
गंगाखेडपर्यंतचं, लग्नाआधीचं.
‘कुठं’च्या पुढं एक्केचाळीस लिहिलं.
‘कामून’च्या पुढं पेन टेकवून बसले,
कुकर झाला, भांडी झाली,
जागा तशीच.
दुसऱ्या दिवशी तीच वही वर्गात दाखवली, अर्धी कोरी.
कुणी हसलं नाही.
नाजेमा फक्त म्हणाली,
‘लिहा सावकाश. आम्हालाबी आठवडा लागला होता.’

आज शिपाईमामा फडकं घेऊन आले,
तपासणी आहे परवा, कपाट पुसतो म्हणाले.
फळीवरच्या राखेत बोटांची गर्दी होती,
बारकी बोटं, एक आख्खा तळवा,
एका जागी काडेपेटीचा चौकोन.
म्हटलं, मामा, बाकी सगळं पुसा.
हे राहू द्या.