पासंग

बाजार खात्यातलं माझं शेवटचं काम:
क्रॉफर्ड मार्केटच्या जुन्या वह्या मोजून ताब्यात देणे.
एकशे बारा भरल्या.
त्यांतल्या नऊ वाळवीनं माझ्याआधीच वाचलेल्या.

आधी रत्तल, मण, शेर.
मग एका पानावर एकाएकी किलो,
आणि बाजूला लाल शाईत: "गिऱ्हाईक भांडते."
शेर गेले, शेरे राहिले.

गाळा अठ्ठावन्न, दाऊद परकार, आंबे.
तराजूस पासंग आढळला. दंड चार आणे.
पुढच्या महिन्यात पुन्हा पासंग, पुन्हा चार आणे.
तिसऱ्यांदा त्यांचा जबाब नोंदलाय:
"चिंधीतला खडा माझा खरा,
पण दांडीच जन्मापासून एका अंगाला कलते,
तिला सरळ कोण करणार, सरकार?"
सरकारनं आठ आणे घेतले.

पाटीवाला धोंडू कासुर्डे, मुक्काम जावळी,
पितळी बिल्ला तीनशे सतरा.
हरवला, भरपाई. हरवला, भरपाई. हरवला.
चौथ्या वेळी बिल्ला सापडला,
धोंडू सापडला नाही.

मोडी मला टिपणीसांनी शिकवली,
डब्याच्या सुट्टीत, वाटीभर ताकाच्या बोलीवर.
म्हणायचे, आधी रेघ, सबंध पानभर,
मग अक्षरं तिला टांगायची,
वाळत घातलेल्या बोंबलासारखी.

म्हणून अठराशे शहाण्णवची वही मला वाचता आली.
मांडवीत उंदीर पडू लागले होते तेव्हाची.
बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर.
गाळा अकरा, गैरहजर.
बारा, गैरहजर.
तेरा, गावी.
चौदा, गावी असे म्हणतात.
पंधरापासून नुसत्या टिंबांची रांग.
मासळीकडे कावेरी नाखवा: हजर.
दुसऱ्या दिवशी हजर. तिसऱ्या दिवशी हजर,
"माल नाही, बसून आहे."
सहाव्या दिवशी समासात, हिशेबाबाहेर:
"लिंबे शिल्लक. घेणारा नाही. मी घेतली."

सातव्या दिवसाचं अक्षर जाड, उभं, घाईचं.
कारण कुठेच लिहिलेलं नाही.
मी पान उजेडाला धरलं:
रेघ बारीक बोरूची होती.
आदल्या संध्याकाळी त्यानं ओढून ठेवलेली,
सवयीनं, उद्याच्या पानावर.
रेघ त्याची, टांगलेली अक्षरं दुसऱ्याची.
नाव मी शोधलं. कारकुनाचं नाव
कारकुनाच्या वहीत नसतं.

बाहेर फलकावर इतिहास आहे.
दगड कुठल्या देशातून आला, घड्याळ, कारंजं,
पहिला विजेचा दिवा.
दारावर दगडी कुणबी अजून गहू कापताहेत,
पेंढी बाजारात पोचलेली नाही.
कागदोपत्री फुले मंडई,
टॅक्सीवाल्याला सांगताना क्रॉफर्ड.
घाऊक माल वाशीला गेला,
तेव्हा वह्या निम्म्यानं पातळ झाल्या.
सगळं खरं आहे. पण हा तराजूही
जन्मापासून एका अंगाला कलतो,
आणि मला त्या समासातली लिंबं
चिंधीत बांधून दुसऱ्या दांडीला लावावीशी वाटतात.
दंड काय असेल तो पेन्शनीतून कापा.

निघताना चिकू घेतले.
काट्यावर हिरवे आकडे, शून्यापासून सुरू,
याला पासंग लागत नाही, पोरगा म्हणाला.
पिशवी बांधता बांधता वरून एक टाकला:
"मावशी, हा मोजायचा नाय."

शेवटच्या वहीत सहीखाली
बरीच जागा उरली होती.
फूटपट्टी न घेता
मी एक रेघ ओढून ठेवली.