गोड वास

दुसऱ्या दिवशी सुईण आली, व्हर्ना,
चिखलाने झग्याची कड जड झालेली.
बाळाच्या कानात कापूस फिरवून
तिने आधी स्वतःच्या नाकाशी धरला,
मग माझ्या.

मेपलचा पाक.
मार्चमध्ये कढईवर वाफ धरते, तसा.

हा वास मला ठाऊक होता.
ऱ्होडाच्या दुपट्याला यायचा.
मी म्हणायचे, पोर देवाने पाकात घोळवून पाठवलीय.
नवव्या दिवशी तिच्या पाठीची कमान झाली
आणि आम्ही गुडघे टेकून बसलो,
उठलो तेव्हा उशीर झाला होता.

या खेपेला एलामने प्रार्थना बग्गीत केली,
घोडं दामटत, लँकेस्टरच्या वाटेवर.
मक्याच्या शेतात लाकडी दवाखाना,
बाहेर लगाम बांधायला आडवा दांडा,
आत एक यंत्र, रक्ताचा थेंब चाखून आकडा सांगणारं.
डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्हा दोघांचे पणजोबा एकच का?
एलाम हॅटची कड फिरवत राहिला.
आमच्यात सगळ्यांचेच एक.

आयव्हन आता चार वर्षांचा.
वाटाणे मी काट्यावर तोलते. सव्वीस.
तो सत्ताविसावा मागतो, रोज.
अंग जरा कढत लागलं की
मी रात्री कंदील घेऊन फोनच्या खोपटाकडे पळते.

शेजारी पाक कढायला लागला
की सगळी पोरं तिकडे धावतात. हाही.
बाई म्हणाल्यात, पाकात प्रथिनं नसतात,
हवा तेवढा खाऊ दे.
मी देते. वाटीभर.
ओठ चिकट ठेवूनच तो झोपतो,
आणि मी वाकून
त्याचा कान हुंगते.