सव्वा किलो

मुलगा म्हणाला, आई, खजूर घे, केशर घे,
वेळ उरला तर बदामाचा डबा घे.
मी हो म्हटलं. तो काचेपलीकडेच थांबला,
तीन महिन्यांच्या लेकीचा झोपलेला हात
माझ्या दिशेने हलवत.
मग पासपोर्टावर शिक्का बसला
आणि मी सरळ बाटल्यांच्या गल्लीत शिरले.

मुहर्रकचा विमानतळ, रात्रीचे पावणेदोन.
बाहेर ऑगस्ट, चष्म्यावर वाफ धरणारी हवा,
आत असा गारठा की लुगड्यावर स्वेटर.
दुकानातला पोरगा केरळचा, छातीवर नाव शिबू.
कुणासाठी अम्मा, त्याने विचारलं.
औषधाला, मी म्हटलं.
तो हसला नाही. चांगल्या घरचा असावा.

त्याने तीन काढून ठेवल्या.
ही रुबी, लालभडक, हवा न लागू देता जपलेली.
ही टॉनी, दहा वर्षं लाकडात राहून विटकरी झालेली.
आणि ही पेटीतली, साल छापलेलं,
घरी आडवी ठेवायची, वीस वर्षांनी उघडायची.
मी अडुसष्टची. पिएदाद माझ्याहून चार वर्षांनी मोठी.
पेटी त्याने स्वतःच मागे सरकवली.

शिरोड्याच्या दवाखान्यात पोर्टची एक बाटली असायची,
आयोडीनच्या शेजारी, चिठ्ठी लावलेली: फक्त रुग्णांसाठी.
बाळंतिणीला दोन चमचे, डॉक्टर सांगत, रक्त वाढतं.
रक्ताचं देव जाणे, रंग तेवढा रक्ताचा होता.
पिएदाद चमचा चाटून म्हणायची,
'ह्या काय गो औषद? ह्या तर सरबत.
खरा पोर्ट पोर्तुगालात. थंय आंगूर पायांनी तुडयतत.'
पोर्तुगाल तिने पाहिलं नव्हतं. मीही नाही.
रेडीच्या पुढे आमची बदलीसुद्धा झाली नाही.

टॉनी हातात घेतली आणि हाताने आपलं काम केलं.
पस्तीस वर्षांची सवय, काट्याआधी हात सांगतो:
सव्वा किलो. सातव्या महिन्याचं.

तेही सव्वा किलोच होतं.
कापसात गुंडाळून बुटांच्या खोक्यात ठेवलं,
वर साठचा बल्ब. वीज गेली की कंदील,
कंदील भडकला की पिएदादच्या पोलक्यात.
आईला चमच्याने पोर्ट.
सोमवारी रात्री जन्मलं, गुरुवारी दुपारपर्यंत होतं.
त्या रात्री उरलेली अर्धी बाटली आम्ही दोघींनी संपवली,
स्टीलच्या पेल्यातून, लेबर रूमच्या पायरीवर बसून.
रजिस्टरात पिएदादने लिहिलं: बाटली फुटली.
सही माझी.

शिबू म्हणाला, टॉनीच घ्या, अम्मा, चव मुरलेली आहे.
किंमत दिनारात. पुढे तीन आकडे फिल्सचे,
गुणाकार करायला गेले आणि सोडून दिला.
खरं तर आमच्याकडे सीमेपलीकडे, पत्रादेवीला,
पोर्ट मिळते ती पाण्याच्या भावात.
पण ती तिने रोज प्यायली आहे, नातवाच्या नकळत.
मला तिला एकदा खोटं पाडायचं होतं.
किंवा खरं. अजून ठरलेलं नाही.

टॉनी काउंटरपर्यंत नेली.
मग परत आले आणि रुबी उचलली.
पिएदादच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे,
विटकरी तिला दिसायचं नाही. लाल दिसेल.

शिबूने बाटली प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद केली,
वर छापलेलं: मुक्कामी पोचेपर्यंत उघडू नये.
खजूर राहिलेच. मुलाला काय सांगायचं ते विमानात बघू.

पट्टा बांधताना हवाई सुंदरी म्हणाली, पिशवी वर ठेवू का?
नको, म्हटलं. मांडीवर राहू दे.
मानेखाली हात घातलेला होता,
तो मी उगाच काढला नाही.