सिंगल फेज

बँडचं नाव सिंगल फेज.
पुण्यात अर्थ सांगावा लागला.
आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक:
थ्री फेज गेली की मोटर बंद,
घरात एक पिवळा बल्ब, दमा लागल्यासारखा,
तेवढ्यावर जे भागतं, ते.

जागा मिळाली नौशादच्या मामामुळे.
मामा करंजी रोडच्या जिनिंगवर चौकीदार.
फाल्गुनात रेचे थांबले
तरी गोदामात छतापर्यंत गाठीच गाठी,
शेठ भावासाठी अडून बसलेला,
मधे दोन खाटांएवढी मोकळी जागा.
मामा म्हणाला, "वाजवा बे, पण बिडी नाही पेटवायची.
एक ठिणगी, अन् माही नोकरी, तुमचा ब्यांड, समदंच."

उईकेचा ड्रमसेट वणीच्या बँडपार्टीनं मोडीत काढलेला,
पेडलला सायकलची स्प्रिंग.
माझ्या बेसला तीन तारा.
चौथी नागपूरला मिळते, अन् नागपूरला जायला
काही काम निघावं लागतं.
प्राजू काळमेघ गायची डोळे उघडे ठेवून,
समोरच्या गाठीवरचा नंबर वाचत असल्यासारखी.

कापूस आवाज पितो
हे तेव्हा कुणाला माहीत.
कितीही आपटलं तरी सूर मऊ, गोल,
एकमेकांना धक्का न लावता बाहेर यायचा.
आम्हाला वाटलं, जमलं.

अन् जमलंही, खोटं काहून बोलू.
मारेगावच्या गॅदरिंगला पोट्ट्यांनी खुर्च्या डोक्यावर घेतल्या.
मग वणी, मग यवतमाळ,
मुक्कामी एसटीच्या मागच्या सीटवर बास ड्रम.
कंडक्टर म्हणे, याचं अर्धं तिकीट लागते.
उईके म्हणे, साहेब, तीन वर्षांचाच हाय तो.
नागपूरच्या मुलांनी 'डीपी जयली' दोनदा म्हणायला लावलं.
त्यांच्याकडे कधी जळली नसावी.

दोन वर्षं शेठला हवा तो भाव आला नाही.
आमच्या पथ्यावर.

पुण्याचा माणूस चौघांशी हात मिळवून
एकीशीच बोलला.
प्राजूनं सतरा दिवस लपवलं,
अठराव्या दिवशी फाट्यावर, आलूबोंड्याचा तुकडा
तर्रीत बुडवता बुडवता सांगितलं.
नौशाद लय बोलला. त्यातलं पावभर खरं होतं.
उईके रस्त्यावरच्या ट्रका मोजत राहिला.
मी बिल दिलं, वहीत मांडलं:
बँड, नाश्ता, ऐंशी रुपये.
वेकोलिच्या अप्रेंटिसचा फॉर्म
दोन महिन्यांपासून माझ्या खिशात होता,
हे काही मी त्या वहीत मांडलं नाही.

आता प्राजूचं ते गाणं मोबाइलवर येतं.
मागे कुणीतरी चारही तारांचा बेस वाजवतो,
स्वच्छ, वेळेवर.
'जयली'च्या जागी ती 'जळली' म्हणते.
शब्द बरोबर आहे. मात्रेतही बसतो.
मी खाणीच्या गेटवर, डबा उघडता उघडता,
तेवढ्या जागी आवाज कमी करतो.

पण शेवटची रात्र सांगायची राहिली.
त्याच आठवड्यात भाव आला होता.
ट्रका लागल्या, गाठी गेल्या,
गोदाम पार त्या टोकापर्यंत दिसत होतं,
जमिनीवर चिंधीभर रुई, चार सरक्या.
एक शेवटचं म्हणून आम्ही सुरू केलं
अन् टिनाच्या पत्र्यांनी सगळं परत आमच्या अंगावर फेकलं.
उईके पुढे पळत होता.
नौशादची गिटार नुसतीच मोठी होती.
मी अर्धा सूर खाली, कदाचित दोन वर्षांपासून.
प्राजू तेवढी जागेवर होती,
अन् तिच्या तोंडाकडे पाहून कळलं
की हे तिला गाठी असतानाही ऐकू येत होतं.

कुणी काही बोललं नाही.
वायरी गुंडाळायला लागलो.
मामा दारात उभा. म्हणाला,
"काहून थांबले बे? वाजवा अजून एक.
आज बिडी पेटवली तरी चालते."
अन् त्यानं स्वतःच पेटवली.