बारा फळ्या

रात्री साडेदहाला पर्वरीहून फोन.
उद्या सकाळी बारा फळ्या हव्यात, सागवानी, पॉलिश मारलेल्या.
नावं मागाहून कळवतो.
अवर सचिव लवंदे. आवाज बसलेला,
मागे कुणीतरी खुर्च्या मोजत होतं.

नावं नाहीत तर रंगवू काय?
मी आधी बाराही फळ्यांवर खाली
‘मंत्री’ रंगवून ठेवलं.
तेवढं बदलणार नव्हतं.

मळ्यातलं माझं दुकान दीड खणाचं,
फळ्या भिंतीला टेकवल्या की माणसाला जागा नाही.
कायतान, माझा हाताखालचा, दारात उभं राहून ब्रश धुतो.

पहिलं नाव श्रीनिवास केंकरे. सुटसुटीत.
दुसरं जुझे फ्रांसिस्को बेर्नाबे दो रोझारियो कुलासो.
फळी दीड फुटाची. अक्षरं बारीक करावी लागली.
कायताननं फोटो पाठवला मात्र,
कुलासोंच्या पक्षाचा फोन: आमची अक्षरं लहान का?
बरं, फळी लांब घेतो म्हटलं,
तर केंकऱ्यांचा माणूस: त्यांची फळी मोठी का?
मी लवंद्यांना विचारलं,
साहेब, सारखं काय हवं, फळी की अक्षर?
बराच वेळ लाइनवर नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाले, दोन्ही.

मुहूर्ताचंही तेच. उद्या शुक्रवार.
बारापर्यंत राहुकाळ, केंकरे जागचे हलणार नाहीत.
बाराच्या घंटेला कुलासो हातातलं टाकून उभे राहतात.
सव्वाला हमजा आगांची जुम्म्याची नमाज.
उरली सव्वाबारा ते पाऊण.
तीन पक्ष, दोन अपक्ष,
आणि अजून सही न केलेला एक,
एवढं सरकार त्या अर्ध्या तासात बसवायचं होतं.
जेवणात मटण आगांना आपल्या खाटकाचं हवं,
कुलासोंना ईस्टरआधीच्या शुक्रवारी चालतच नाही.
मध्यरात्रीनंतर केव्हातरी
सुंगटांच्या हुमणावर एकमत झालं.
किमान समान कार्यक्रम तो तेवढाच, लवंदे म्हणाले,
आणि पहिल्यांदा हसले.

आठवं नाव अडीचला आलं. पुनो वेळीप.
केप्याकडच्या डोंगरातला, अपक्ष.
नाव एवढंसं, फळीवर दोन्हीकडे जागा उरली.

चारला दार वाजलं. तो स्वतः.
चपला बाहेर काढून आत आला.
पळयतां हं, म्हणाला,
आणि बोट अक्षराजवळ नेलं, टेकवलं नाही.
नाव माझं याद्यांत पाहिलंय पुष्कळदा,
रेशनच्या, मतदारांच्या,
धरणात जमीन गेली त्यांच्या.
लाकडावर नाही कधी.
कायताननं चहा केला. स्टूल दोनच होते,
पुनो रंगाच्या डब्यावर बसला.

मग फोन. आठ नंबर बदला.
मी नवं नाव लिहून घेतलं,
स्पेलिंग विचारलं, परत विचारलं,
मान वर करावी लागू नये म्हणून.
पुनोनं काहीच विचारलं नाही.
चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला.
पूस, म्हणाला, ओलं आहे तोवर.
सुकलं की खरडावं लागतं, फळी खराब होते.
चिंधी त्यानंच काढून दिली.

सकाळी बेतीच्या फेरीबोटीत
अकरा फळ्या काथ्यानं बांधलेल्या,
मध्ये कालच्या वर्तमानपत्राच्या घड्या.
आठवी कायताननं हातात धरलेली,
नव्या नावाला खारा वारा लागू नये म्हणून
अंगाच्या आडोशाला.
फेरी वळली, फळी उन्हाकडे कलली,
तेव्हा पॉलिशवर नव्या अक्षरांमागे
एक दीर्घ वेलांटी दिसली,
तिथं कुणाचीच नसलेली.

कायतान माझ्याकडे बघत होता.
मी धक्का किती लांब आहे ते बघत होतो.