शेवटचं पान

रविवार कारंजाहून सराफ बाजाराकडे उतरताना
घड्याळजीच्या दुकानावर माझं वाचनालय.
जिना इतका अरुंद
की वर येणाऱ्यानं उतरणाऱ्यासाठी थांबायचं.

कर्नल जयवंतचा एकेचाळिसावा भाग डिसेंबरात आला.
पारा सहावर. शेगडीशी बसून कव्हर चढवलं
आणि खोडीप्रमाणे आधी शेवट वाचला.

या भागात जयवंतचे गुडघे गेलेत.
पहिल्याच प्रकरणात तो गच्चीवरून उडी मारत नाही,
लिफ्टची वाट बघतो.
उड्या मारायला दोन नवी पोरं आहेत, रेवा आणि झुबिन,
बाविशीतली, सारखी मोबाइलमध्ये डोकं घातलेली.

सुभेदार गांगुर्डे देवळाली कॅम्पाहून बसनं येतात.
पुस्तक टेबलावर आपटलं नाही त्यांनी, ठेवलं.
तेच जास्त लागलं.
"चाळीस भाग या माणसानं खुर्चीला पाठ टेकवली नाही,
आता त्याच्या चहात साखर किती, ते पोरगी ठरवते.
शिवाय त्या पिस्तुलात आठ गोळ्या बसतात.
पोरानं अकरा झाडल्या. मी मोजल्या."

शरणपूरच्या रत्नमाला सिस्टर,
बत्तीस वर्षं हाडांच्या वॉर्डात काढलेल्या:
"दुखले बाई एकदाचे त्याचे गुडघे.
मी सदतिसाव्या भागापासून वाट बघत होते."

अयान मणियारची परीक्षा तोंडावर,
तरी दोन रात्रींत फडशा.
"आमच्यात कोणी 'भन्नाट' म्हणत नाही, काकू,
ही रेवा पानापानाला म्हणते.
पण घाबरली की तिला उचकी लागते ना, ते खरंय."
मग जरा थांबून,
"माझ्या बहिणीला लागते."

सातपूरच्या सेकंड शिफ्टचे दोघं एकाच कार्डावर वाचतात.
एकाला झुबिन आवडला, दुसऱ्याला पटला नाही.
समासात पेन्सिलीनं भांडण, पान साठपासून.
एकशे एक्याण्णववर मात्र:
बोनसचं काही कळलं का?

भालेराव नोटांच्या छापखान्यातून निवृत्त.
चौतीस वर्षं रोज फाटकावर झडती दिलेला माणूस,
कुठल्याच पुस्तकाबद्दल कधी बोलत नाहीत.
सही करतात. "ठीक," म्हणतात.

जानेवारी संपता संपता माझ्या लक्षात आलं,
शेवटचं पान नाही.
शिवणीलगत, पट्टी धरून, सफाईनं कापलेलं.
संक्रांत ते सव्वीस जानेवारी, रजिस्टरात तीन नावं.
तिन्हींवरून बोट फिरवलं
आणि रजिस्टर मिटलं.

त्यानंतर सगळे शेवटाबद्दलच बोलू लागले.
गंगापूर रोडच्या प्राध्यापक धामणे:
"शेवट मोकळा सोडलाय.
लेखकानं पहिल्यांदा आपल्यावर विश्वास टाकला."
पंचवटीचे वकील टिळे:
"फसवणूक! पोरीनं कडी काढली आणि पुस्तक संपलं?
ही तुमची नवी पिढी. एक काम पुरं करत नाही."

मी दोघांनाही मान डोलावली.
त्या पानावर साडेतीन ओळी होत्या.
जयवंत एक गोष्ट करतो, मग दिवा मालवतो.
याहून जास्त मी कुणाला सांगितलेलं नाही,
आणि माझ्या पोटात तीळ भिजत नाही
असं माहेरी सगळे म्हणत.

मार्चात सुभेदार पुन्हा आले.
"तेच द्या. मागच्या वेळी रागात वाचलं."
आठवड्यानं परत करताना चष्मा पुसत उभे राहिले.
"बाई, तेव्हा शेवट निराळा होता का हो?"

खाली घड्याळजीकडे सगळ्या घड्याळांत वेगवेगळे वाजत होते.

"मला तर हाच आठवतो," मी म्हटलं.

"हं. बरा आहे हा," म्हणाले,
आणि कठडा धरून उतरू लागले.
खाली अयान थांबलेला, सवयीनं.
सुभेदार मधल्या पायरीवर भिंतीला टेकले,
पोट आत घेतलं, पिशवी छातीशी धरली.
"ये रे तू वर. मला वेळ लागतो."